झोळीत नसलेला गळ

"मॅडम, हा गळ माझ्याकडे कधी आला?"

मृदुला काचेपलीकडच्या बूथमध्ये हेडफोन लावून उभी होती. हातात चाळिसाव्या भागाची स्क्रिप्ट होती. आमचा साउंड इंजिनिअर यादगिरी याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमधली यादी उघडली. उत्तर मला यादी न बघताच कळलं होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

आमची कंपनी हैदराबादेत, नारायणगुड्यात आहे. फोनवर ऐकायच्या मालिका बनवते. मी तिथे स्क्रिप्ट एडिटर आहे. म्हणजे लेखकाने लिहिलेला भाग चौदा मिनिटांत बसवायचा, आणि आधीच्या भागांत जे सांगितलं त्याच्याशी तो जुळतो की नाही ते तपासायचं. या दुसऱ्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. नायकाचा डावा हात मोडला असेल तर तीन भागांनंतर त्याने डाव्या हाताने घडा उचलता कामा नये. बस्स. काम एवढंच, पण चुकलं की ऐकणारे सोडत नाहीत.

ही मालिका साहसकथेची होती. निजामाच्या काळातला मराठवाडा. डाक वाहणाऱ्या हरकाऱ्याची मुलगी तुळसा एक सीलबंद पत्र घेऊन एकटी हैदराबादकडे निघते, आणि एका किल्लेदाराची माणसं तिच्या मागावर असतात. लेखक नरहरराव. वय शहात्तर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, गौलीगुड्यात राहतात, लाँगबुकात शाईने लिहितात. मी ते टाइप करते. तुळसाला आवाज देणाऱ्या मृदुलासाठी पुन्हा इंग्रजी अक्षरांत काढते, कारण ती बोलते फर्डं मराठी, पण वाचताना अडखळते.

नरहररावांचा एक नियम होता. तुळसाच्या झोळीत जे आहे तेवढंच तिला वापरता येईल. दर दहाव्या भागाच्या सुरुवातीला तुळसा स्वतःच झोळी तपासते आणि एकेक वस्तू मोठ्याने सांगते. म्हणजे संकट काय आहे आणि हाताशी काय आहे, हे ऐकणाऱ्याला तिच्याइतकंच माहीत. आता सोडवून दाखवा. मी वीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली होती. साहसकथा म्हणजे उड्या आणि आरडाओरडा, असं मला वाटायचं. इतका हिशेबी प्रामाणिकपणा मी गणिताच्या पुस्तकातही पाहिला नव्हता.

तर चाळिसाव्या भागातली यादी अशी होती: घोंगडी, चकमक, दोरी, पत्र, पाण्याचा तुंबा आणि गळ. गळ म्हणजे विहिरीत पडलेली भांडी काढायचा लोखंडी आकडा. छत्तिसाव्या भागात तुळसा एका विहिरीवर थांबते, पाणी भरणाऱ्या एका बाईशी गप्पा मारते, आणि निघताना ती बाई तिला गळ देते. नरहररावांनी असं लिहिलं होतं. ऐकणाऱ्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. तो प्रसंग मी कापला होता.

छत्तिसावा भाग एक मिनिट चाळीस सेकंदांनी लांबला होता. दोन बायका विहिरीवर बोलतात, काही घडत नाही, म्हणून मी तो तुकडा काढला. एरवी असं काही काढण्याआधी लेखकाला फोन करायचा असतो. नरहररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, भाग त्याच दिवशी द्यायचा होता, मी फोन केला नाही. नंतर विसरले.

आता परिस्थिती अशी होती. एकोणचाळिसावा भाग लोकांनी ऐकला होता. त्यात तुळसा किल्ल्यातल्या कोरड्या हौदात पडते, वरचं झाकण बंद होतं आणि हौदात पाणी सोडल्याचा आवाज येतो. हौद तीन पुरुष खोल. अगदी वर, एका बाजूला माणूस निघेल एवढा झरोका. तुळसाला पोहता येत नाही. तिसऱ्या भागात ती ओढ्यात बुडता बुडता वाचली होती. चाळिसाव्या भागात ती दोरीला गळ बांधून झरोक्यात अडकवते आणि वर चढते. गळ नसेल तर ती बुडते. मंगळवार होता. भाग शुक्रवारी सकाळी जायचा होता.

आमचा प्रोड्यूसर रोहित पुण्याचा. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस सरळ आहे. मी त्याला जे झालं ते सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, विहिरीचा सीन आता रेकॉर्ड करू आणि छत्तिसावा भाग बदलून टाकू. जुनी फाइल काढायची, नवी चढवायची. कोण परत जाऊन तपासतंय?

"नरहरराव तपासतील," मी म्हटलं.

"मग त्यांना तुम्ही सांगा. पण गुरुवारी दुपारी रेकॉर्डिंग. त्यापुढे मी थांबू शकत नाही."

मी रिक्षा करून गौलीगुड्याला गेले. नरहरराव अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डोळ्यांत थेंब घालून घेत होते. थेंब सुमनताई, त्यांच्या पत्नी, घालत होत्या. डोळे मिटलेले असतानाच मी सगळं सांगून टाकलं. ते सोपं गेलं.

त्यांनी विचारलं, नेमकं कुठून कुठपर्यंत कापलं? मी वाचून दाखवलं. ऐकून ते म्हणाले, "सीन बरा होता." तेवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी रोहितचा उपाय सांगितला.

"नक्को बाई," ते म्हणाले. "ज्यांनी ऐकला त्यांच्या कानातून तो भाग परत काढता येतो का? ते चार भाग तिच्याबरोबर चालत आलेत. त्यांच्या झोळीत गळ नाही. मग तिच्याही झोळीत नाही."

"मग ती बाहेर कशी येणार?"

"ते मलाही माहीत नाही. फाइल बदलणार असाल तर पुढचं दुसऱ्याकडून लिहून घ्या. नसाल तर बसा."

मी बसले. कापलं मी होतं. नऊ महिने चाललेली मालिका माझ्या एका तुकड्यापायी त्यांनी सोडावी, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

पुढचे दोन तास आम्ही तुळसाला हौदातून काढत होतो. चकमक ओली. घोंगडी भिजून जड. दोरी आहे, पण टोक अडकवायला काही नाही. कोणीतरी वरून झाकण उघडेल? "कोण?" ते म्हणाले, "ज्याची ओळखच नाही असा माणूस ऐन वेळी आला तर ऐकणारा म्हणतो, मग मी कशाला घाबरलो?" मी सुचवलं, भिंतीत पायऱ्या असतील. ते म्हणाले, गेल्या भागात तिने अंधारात चारी भिंती चाचपल्यात, गुळगुळीत आहेत. ते वाक्य मीच टाइप केलं होतं.

सुमनताईंनी चहा आणला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीला आत टाकताना विचार करायचा. आता परेशान होऊन काय?"

"टाकताना गळ होता," नरहरराव म्हणाले. मी चहा प्यायले.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. एकदम त्यांनी विचारलं, "तुंब्यात पाणी किती उरलंय?"

तुंब्याबद्दल सांगायला हवं. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला मोठा भोपळा, प्रवासात पाणी न्यायला. ऑडिओत एकटं पात्र मुकं होतं. त्याच्या मनातलं ऐकणाऱ्याला कळायचं तर त्याने कोणाशी तरी बोलावं लागतं. म्हणून नरहररावांनी तुळसाला तुंब्याशी बोलायची सवय लावली होती. "काय रे तुंब्या, वाट चुकलो का आपण?" असं. दुष्काळी मुलूख, त्यामुळे त्यातलं पाणी ती घोटाघोटाने जपायची. दुसऱ्या भागापासून हे चालू होतं. रोहितने दोनदा म्हटलं होतं की तुंब्याचं बोलणं कमी करा.

मी यादी पाहिली. "अर्ध्याहून कमी. एकोणचाळीसमध्ये दोन घोट घेतलेत."

"ते पाणी ओतलं तर?"

मला कळलं नाही. ते उठले, घरातून रिकामा पाच लिटरचा तेलाचा डबा आणला, झाकण घट्ट लावलं आणि मला अंगणातल्या सिमेंटच्या हौदाकडे नेलं. न करून पाहिलेली गोष्ट ते लिहीत नसत. म्हणाले, दाबा खाली. मी दोन्ही हातांनी दाबला. डबा निसटून वर आला आणि माझी ओढणी खांद्यापर्यंत भिजली.

"आमच्या गावी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधायचे," ते म्हणाले. "माणूस पाण्यात फार जड नसतो. नाक वर ठेवायला एवढं पुरतं. दोरी आहे, तुंबा आहे. ती वर चढतच नाही. जे पाणी तिला मारायला सोडलंय, तेच तिला झरोक्यापर्यंत नेतं."

मग स्वतःशीच म्हणाले, "गळापेक्षा हे चांगलं आहे. आधी का सुचलं नाही?"

आधी सुचलं नाही, कारण गळ होता. हे मी बोलले नाही. चूक माझी होती. तिचं कौतुक मी करणं बरं दिसलं नसतं.

बुधवारी संध्याकाळी पानं आली. गुरुवारी मृदुला बूथमध्ये उभी राहिली. झोळी तपासली: घोंगडी, चकमक, दोरी, पत्र, तुंबा. पाणी गुडघ्याला. पाणी कमरेला. तिला युक्ती सुचते ती जागा आली. ती थांबली.

"मॅडम, इथे माझी लाइन नाहीये. ती नेहमी तुंब्याशी बोलते. इथे काहीच बोलत नाही?"

मी मूळ लाँगबुक उघडलं. तिथे लिहिलं होतं: तुळसा एक घोट पिते. बूच काढलेलंच. उरलेलं ओतते. सहा सेकंद. बोलत नाही.

ऑडिओत दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ कोणी बोललं नाही तर लोकांना वाटतं फोन बिघडला. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. रोहित मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, करून बघू.

यादगिरीने खराखुरा तुंबा मिळवला होता, कुठून ते त्याने सांगितलं नाही. माइकजवळ धरून त्याने तो उलटा केला. तुंब्याच्या गळ्यातून पाणी अडखळत पडलं. अडतीस भाग घोटाघोटाने जपलेलं पाणी. खाली हौदात मरणाचं पाणी चढतंय आणि ती वरून प्यायचं पाणी ओततेय. मृदुलाने फक्त श्वास घेतला. मी कामाच्या ठिकाणी रडत नाही, त्या दिवशीही रडले नाही. पण सहाऐवजी आठ सेकंद झाले आणि मी थांबवलं नाही.

रोहित म्हणाला, "परत लावा." यादगिरीने परत लावलं. ऐकून झाल्यावर रोहित म्हणाला, "तुंब्याबद्दल मी काही बोललो होतो ते विसरा."

शुक्रवारी भाग गेला. शनिवारी एका निवृत्त शिक्षिकेचा मेसेज आला. त्या दर दहा भागांनी झोळीची यादी वहीत लिहितात. त्यांनी लिहिलं होतं, "गुरुवारी रात्रीपर्यंत घरात आम्ही तिघं भांडत होतो की ती सुटणार कशी. तुंबा वहीत पाचव्या नंबरवर होता. तिघांनाही दिसला नाही." मी तो नरहररावांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, तिघांपैकी पोहता कोणाला येतं? ते शिक्षिकाबाईंनी कळवलं नव्हतं.

बावन्नाव्या भागात तुळसा पुन्हा एका विहिरीवर थांबते. दुसरी विहीर, दुसरी बाई, गप्पा त्याच. निघताना ती बाई तिला गळ देते. पुढे तो कशाला लागणार आहे हे नरहररावांनी मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही. भाग एक मिनिट चाळीस सेकंदांनी लांबला. मी घोडदौडीचा तुकडा काढला. आधी फोन केला.