नदी घड्याळाच्या हाताला

धर्मशाळेच्या ओसरीत मी आडवी होते आणि डोळे मिटतात न मिटतात तोच शालूचा श्वास ऐकू येतो. आत घेताना अडतो, सोडताना शिट्टीसारखा वाजतो. बाहेर रणरणतं ऊन आहे, कुणीतरी भांडी घासतंय, त्या आवाजाखाली नर्मदेचा. "थोडं पडू, मग बघू," असं मी शालूला म्हटलंय. काय बघायचं ते दोघींनाही माहीत आहे.

शालूला कालपासून ताप आहे. आज सकाळी ती दिसेल त्या झाडाखाली बसत आली. जेवण वाढताना धर्मशाळेतल्या बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "माताजी, पुल के उस पार अस्पताल है. जीप मँगवा दूँ?" शालूनं मानेनंच नको म्हटलं. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि ती ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली. "पलीकडं नेलंस तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही, इंदू," ती म्हणाली. मी फार ताणून धरलं नाही, कारण समोर भिंतीला वत्सूची काठी टेकवलेली होती.

आम्ही तिघी एकाच शाळेतल्या शिक्षिका. शालूनं जन्मभर भूगोल शिकवला, पण डावं-उजवं अजूनही मनगटाकडे बघून ठरवते. घड्याळाचा हात डावा, बांगड्यांचा उजवा. वत्सू शिवण शिकवायची. परिक्रमेचं खूळ तिचंच. काठीसुद्धा तिनं आधीच घेऊन ठेवली होती, आणि गेल्या वर्षी वत्सूच गेली. आम्ही काही विसरू नये म्हणून वत्सू आमच्या पदराला गाठ मारायची. गाठीचं टोक आत कुठेतरी लपलेलं असायचं आणि ती वत्सूशिवाय कुणालाही सुटायची नाही. मी एकदा सरळ कात्री लावली, तर बाईसाहेब दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शिट्टी थांबते.

मी वाळूतून चालते आहे. पुढे शालू चालते आहे, भराभर, कुठेही न बसता. मला केवढं बरं वाटतं. तिच्या शेजारी आणखी एक बाई आहे. आमच्यासारखी पांढरी साडी नाही तिची, शाळेची आहे, निळ्या काठाची. डावा खांदा जरा खाली. शिवणाच्या मशीनवर वाकून वाकून तो तसा झालाय.

"वत्सू," मी हाक मारते.

"चला लवकर, घंटा झाली," मागे न बघताच ती म्हणते.

आणि खरंच शाळेचा व्हरांडा आहे. सातवी अ, सातवी ब, ओळीनं बंद दारं. कठड्यापलीकडे मैदान असायला हवं, तिथे पाणी आहे. कठड्याला लागून संथ वाहतंय. उशीर झाला का म्हणून मी घड्याळ बघते. नदी घड्याळाच्या हाताला आहे.

आम्ही उलट्या चाललो आहोत.

"शालू, मागं फिर. नदी डावीकडं आलीय." शालू वळत नाही. तिला ऐकूच जात नाही. वत्सूच्या पदराचं टोक मुठीत धरून ती चालली आहे, एखादी पहिलीतली पोर बाईंच्या मागून जाते तशी. मी पळते, पण काठी पायांत येते, आणि व्हरांडा काही संपत नाही.

शेवटचं दार ढकलते तर ते वत्सूचं स्वयंपाकघर आहे. ओट्यावर चहा उकळतोय. मागचं दार उघडं आहे आणि नदी उंबऱ्याशी आलीय. वत्सू दोन कप भरते. एक स्वतःपुढे ठेवते, एक शालूपुढे.

"माझा?" मी विचारते.

"तू कुठं येतेयस?"

मला भीती वाटते. वत्सूची भीती वाटायची हा आयुष्यातला पहिला प्रसंग.

"तिला सोड, वत्सू."

"मी कुठं धरलंय? बघ की. तिनंच धरलंय मला. दमलीय ती. इकडं आल्यावर बरं वाटतंय तिला."

"तुझी काठी फिरवून आणायची म्हणून तर आलोय आम्ही. ही घे. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"मला कशाला काठी? इथं कुणाचे पाय दुखत नाहीत." ती पदरानं ओटा पुसते. "माझ्या नावाखाली सकाळपासून ओढतेयस हिला."

"तीच नको म्हणाली दवाखाना."

"आणि तुला ते सोयीचं पडलं."

पाणी उंबऱ्यावरून आत येतं, माझ्या पावलांना लागतं. थंडगार.

"परिक्रमा हवी की शालू? एक काय ते सांग. चहा निवतोय."

इतकं चाललो, नखं काळीनिळी झाली, परक्यांच्या ओसऱ्यांवर झोपलो, आणि एका जीपच्या फेरीत सगळं फुकट. मला दोन्ही हवं आहे. मी वत्सूकडे बघते, ती नेहमी काहीतरी जमवून द्यायची. आज ती नुसती उभी आहे. शालू कप उचलते, फुंकर मारते, ओठांशी नेते.

"शालू," मी म्हणते. "शालू हवीय मला. आधी तो कप घे तिच्याकडून."

वत्सू कप काढून घेते, वर्गात पोरींच्या हातून कात्री काढून घ्यायची तसा, हळूच. मग माझा पदर ओढते, शालूचा ओढते.

"काय करतेस?"

"विसरशील."

"नाही विसरणार."

"तू विसरतेस, इंदू. पहिल्यापासून." तिची बोटं भरभर चालतात. ती इतक्या जवळ आहे की केसांतल्या खोबरेल तेलाचा वास येतो आणि मला रडू फुटतं.

"तूही चल ना आमच्याबरोबर."

"मला इकडून जायचंय," ती म्हणते, आणि पाण्याच्या बाजूचं दार पुढे ओढून घेते.

शिट्टी वाजते. शालूचा श्वास अडतो, वाजतो. इतका वाईट आवाज ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ऊन अजून पायरीवरच आहे, भांडी अजून घासली जातायत. बाईंना हाक मारावी म्हणून मी उठते, तर मागे खेचली जाते.

माझा पदर शालूच्या पदराला बांधलेला आहे. मी टोक शोधते. टोक सापडत नाही.

"शालू, ऊठ. पलीकडं जायचंय."

ती डोळे उघडते ते भांडायलाच. "आणि परिक्रमा?"

"मोडली."

तिचं तोंड उघडतं आणि तेवढ्यात तिला गाठ दिसते. तापलेली बोटं त्या गाठीवरून फिरतात, उलटी करून बघतात, आत टोक शोधतात.

"जीप बोलाव," ती म्हणते.

बाई कात्री आणतात. दोघी एकदमच नको म्हणतो. तशाच एकमेकींना धरून जीपमध्ये चढतो. काठी भिंतीशीच राहते.

पूल लागतो तेव्हा शालू खिडकीबाहेर बघते. मग घड्याळाच्या हाताकडे, मग बांगड्यांच्या. नदी दोन्हीकडे आहे. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकते, आणि मी ती गाठ मुठीत घट्ट धरून ठेवते.