मेंदीखालचे हात

नमकीनच्या कारखान्यात शिरायच्या आधी गेटवर दोन्ही हात दाखवावे लागत. आधी तळवे, मग पालथे. सुपरवाइजर वाकून बघायचा. जखम, खरूज, खाज, काही दिसलं की मान आडवी हलवायचा, म्हणजे त्या दिवशी घरी. असं पुन्हा पुन्हा झालं की कायमचं घरी. शहरातल्या कापडमिल एकामागून एक बंद पडत होत्या आणि घराघरांतून बायका कामाला निघाल्या होत्या. गेटबाहेर कुणी ना कुणी उभीच असायची.

आमचे हेही मिल बंद पडल्यापासून घरी बसले होते. मी खानदेशातली, सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन इंदूरला आलेली. माहेर लांब, तिथेही कुणाचं बरं चाललेलं नव्हतं. त्यामुळे हात गेले तर सगळंच गेलं, ही धास्ती मनातून जायची नाही.

माझं काम गरम शेवेत मीठ-मिरचीचा मसाला मिसळायचं. संध्याकाळी पराती सोड्याने घासायच्या, घरी आल्यावर पुन्हा कपडे, भांडी. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग साल निघायला लागली, थंडीत भेगा पडल्या. त्यात मीठ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पुसायलाही हात नको व्हायचे, कारण हाताला मिरची.

श्रावणात हरियाली तीजेच्या सणाला कारखान्यातल्या बायांनी हौसेने मेंदी काढली, मलाही बसवलं. दुसऱ्या दिवशी गेटवर सुपरवाइजर हसला, "वाह बाईजी, त्योहार मना लिया!" आणि नक्षी बघून सोडून दिलं. सोललेली कातडी त्याला दिसलीच नाही.

तेव्हापासून मी मेंदी उतरूच दिली नाही. राखी, संक्रांत, काही नसेल तर कुणाचंतरी लग्न. माझ्या शेजारी मसाल्यावर बसणारी एक उज्जैनकडची बाई होती, तोंडाची फटकळ. ती सगळ्यांसमोर म्हणायची, "काय गं, दर आठवड्याला लग्न लागतं तुझं? नवरा तर तोच दिसतो!" सगळ्या हसायच्या. मीही हसायची. हसण्याचाही थकवा येतो, हे तेव्हा कळलं.

सोड्याने मेंदी लवकर उडायची. तेव्हा बाजारात चमकत्या पाकिटांतून नवनव्या वस्तू यायला लागल्या होत्या, त्यातच काळी मेंदी होती. होती खरं तर केसांसाठी. अर्ध्या तासात गडद रंग, म्हणून मी ती हातांना लावली. तिसऱ्या दिवशी हात सुजले. जिथे जिथे नक्षी, तिथे तिथे फोड. तळव्यावरचं फूल पाकळी न् पाकळी वर उठून आलं होतं.

त्या दिवशी यांनी कणिक मळली. जन्मात परातीला हात न लावलेला माणूस.

"राहू दे आता ते काम," खाली बघत म्हणाले.

"मग खायचं काय?"

ते मळतच राहिले. कणकेत पाणी जास्त झालं होतं.

शेजारच्या ताई मूळच्या महूच्या, वडील फौजेतले, स्वतः सरकारी दवाखान्यात नर्स. हात बघून त्या ओरडल्याच. "अगं, केसांचा रंग हाताला कोण लावतं? ऊठ, चल." कातडीच्या डॉक्टरांसमोर मला नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदी बंद, केसांचा रंग जन्मात नको. मलम सांगितलं तेवढेच दिवस लावायचं, मनाने वाढवायचं नाही. हात धुतले की लगेच खोबरेल, सोड्याला हात लावायचा नाही, आणि भेगा भरेपर्यंत मीठ-मिरची पूर्ण बंद.

मीठ-मिरची बंद म्हणजे कामच बंद. मी रस्ताभर रडले. दुसऱ्या सकाळी ड्यूटीला जाण्याआधी ताई माझ्याबरोबर गेटवर आल्या आणि सुपरवाइजरला म्हणाल्या, "भिया, ये फैलनेवाला नहीं है. नमक-मिर्च से दूर रखो, ठीक हो जाएगा."

सुपरवाइजर माझ्या फोडांकडे बघत राहिला. "दीदी, मसाले पे तो नहीं बिठा सकता. और पाउच सील करने पे जगह कहाँ है?"

सीलवर तेव्हा ती उज्जैनवालीच होती. महिन्याभरापूर्वीच तिला मसाल्यावरून ती कोरड्या हातांची जागा मिळाली होती. ती आतून ऐकत होती. उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्या जागी बसव हिला. मी जाते परातीवर. माझी कातडी म्हशीची आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि तू, आता मेंदी लावलीस तर बघ!"

मी तिचे आभारसुद्धा नीट मानले नाहीत. सरळ जाऊन तिच्या जागेवर बसले.

हात बरे झाले. अगदी पहिल्यासारखे नाही. अजून थंडीत भेगा पडतात, उशाशी खोबरेलाची बाटली असते. माझ्या वयाच्या बायका डोकी काळी करून फिरतात, माझं पांढरंफटक आहे. लग्नघरी मेंदीवाली समोर येऊन बसली की माझे हात अजून आपोआप पुढे होतात. आधी तळवे, मग पालथे. मग मी ते हळूच मागे घेते.