आधी खोट, मग भाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आता सांगतो. पण आधी शेठ कसे होते ते सांगू द्या, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

नारायणगावात शेठ आमचे शेजारी. खाली पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, वर बिऱ्हाड. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण शेठ आमच्यासारखंच 'लई' आणि 'व्हतं' बोलायचे. गिऱ्हाइकापुढं वस्तू ठेवली की तिच्यावर उजव्या हाताचा पंजा पालथा ठेवायचे, झाकल्यासारखा, आणि म्हणायचे, "आधी खोट सांगतो, मग भाव."

"ह्या बेअरिंगला आवाज राहणार. चालंल, पण कुरकुरंल. बोला, देऊ?"

डिंगोऱ्याचा एक बागाईतदार एकदा वैतागला. "शेठ, तुमी विकायला बसलाय का गिऱ्हाईक हाकलायला?"

"हाकलायलाच. हाकलूनबी राहील तो आपला."

तो बागाईतदार शेवटपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही. असा एखादा दुकानदार तुमच्याही बाजारपेठेत असेल. त्याच्याशी जपून वागा, एवढंच म्हणतो.

इतक्या वर्षांचा शेजार, पण शेठनी आमच्याकडं कधी काही खाल्लं नव्हतं. आम्ही कोंबडी-मटण खाणारे, भांडी तीच, शेगडी तीच. नाही म्हणताना ते इतकं ओशाळं हसायचे की आपणच त्यांना संकटात टाकलं असं वाटायचं.

मग आंबेगावकडचं एक कृषी पर्यटन केंद्र बंद पडलं आणि तिथलं एक न वापरलेलं, भाजायचं ग्रिल मी उचलून आणलं. कोळशाचं नव्हे. भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या गोळ्यांवर चालणारं. बाजूला गोळ्यांची पेटी, पेटीच्या तळाशी लांब स्क्रू, आणि तो स्क्रू सावकाश फिरवून गोळ्या जाळात ढकलणारी एक छोटी मोटार. शेठना त्या मोटारीचं फार कौतुक. कुंपणापलीकडून बघत उभे राहायचे.

मीच म्हणालो, "शेठ, ह्याच्यावर फक्त कणसं आणि पनीर. कोंबडी-बिंबडी नाय. आमच्या घरात एक तरी जागा तुमच्या खाण्याजोगी असू द्या."

दुसऱ्या दिवशी शेठ नवी कोरी चाळणी घेऊन आले. गोळ्या पेटीत ओतण्याआधी चाळायच्या, चुकून एखादी मुंगी आली असेल तर जळायला नको. "आन् बारीक भुसाबी गळून जातो. मोटारीला बरं." तेव्हापासून कणसांचा बेत असला की शेठ यायचे, वर्तमानपत्र पसरून गोळ्या चाळायचे आणि दिवस मावळायच्या आत कणीस खाऊन उठायचे. शेठ माझ्या अंगणात खातात याचा मला किती अभिमान होता, ते आता कुठल्या तोंडानं सांगू?

एकदा बायको निमगाव साव्याला माहेरी गेली होती. मित्र आले. येताना कोंबडी मसाला लावूनच आणलेली.

"एवढं ग्रिल आणलं आन् कणसं भाजतोस व्हय रं?" एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. चाळणी भिंतीला टांगलेली होती. तिच्याकडं न बघता मी गोळ्यांचं पोतं पेटीत उपडं केलं.

कोंबडी होत आली आणि मोटार किरकिरायला लागली. मग थांबलीच.

सकाळी जाळी राखेनं घासली, साबणानं घासली. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीला बघायला पाव्हणे यायचे होते, आणि बायकोनं अंगणात कणसं भाजायचं ठरवून ठेवलं होतं. मी शेठना हाक मारली.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि मला म्हणाले, "लावा बटण." ऐकलं. "दमलीय बिचारी. आतले दात झिजलेत. वर भुसा अडकलाय. चाळलं न्हाई का, भाऊ?"

"विसरलो."

वायर काढून आम्ही पेटी रिकामी केली, अडकलेला लगदा खरवडला, जुनी मोटार सोडवली. शेठ दुकानातून दुसरी घेऊन आले. "नवीच आहे," म्हणाले आणि वाकून बसवायला लागले. बसवताना त्यांचा हात खालच्या ट्रेला लागला. जाळी घासली होती मी, ट्रे राहून गेला होता. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"तुपकट लागतंय."

"पनीरला तूप लावलं व्हतं," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तरी त्यांनी मोटार बसवलीच असती. कोंबडीवाल्याचा पंपही तेच दुरुस्त करायचे. लोखंडानं काय पाप केलंय, म्हणायचे. फक्त त्या जाळीवरचं खाल्लं नसतं. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी तूप म्हणालो.

बटण दाबलं. स्क्रू फिरला, गोळ्या टपटप पडायला लागल्या. शेठ लहान मुलासारखे खूश.

"भाऊ, टेस्टिंग करून बघाया पायजे. आणा कणीस."

मी कणीस आणलं. दिवस कलला होता, म्हणून ते घाईघाईनं खात होते, हनुवटीला दाणा चिकटलेला. मग दुसरं भाजून घेतलं, त्याच्याच हिरव्या पानांत गुंडाळलं. "हिला नेतो. वाट बघत आसंल."

एका हातात अवजारं, दुसऱ्यात कणीस, त्यांचे दोन्ही हात भरलेले होते. मी फाटक उघडून धरलं.

पर्युषण संपलं की शेठ दरवर्षी आमच्या दारात यायचे. हात जोडून म्हणायचे, "जाणता-अजाणता मन दुखावलं आसंल तर मिच्छामि दुक्कडम्, भाऊ." आपणही उलट हात जोडून तेवढंच म्हणायचं, माफी मागायची आणि द्यायची, एवढीच रीत. मी आपला हसून म्हणायचो, "काय शेठ, तुमचं काय चुकणार!" त्या वर्षीही तेच म्हणालो. पुढच्या वर्षीही.

मग शेठ आजारी पडले. संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, त्यांना जिना उतरवेना, म्हणून मलाच वर बोलावलं. शेठच्या पत्नी, भाभी, उशाशी बसल्या होत्या. शेठनी हात जोडले, ते एकमेकांवर नीट बसतही नव्हते.

"भाऊ, एक खोट सांगायची राहिली. तुमच्या ग्रिलची ती मोटार नवी नव्हती. नवी यायला टाइम लागला असता, आन् तुमचं पाव्हणं दुसऱ्या दिशी. मग दुकानात पडलेली जुनी साफसूफ करून बसवली. नवी म्हनलो."

मला आठवलं. ती मोटार देताना त्यांनी तिच्यावर पंजा ठेवला नव्हता.

"अहो शेठ, चालतीय की अजून!"

"चालती म्हणून काय झालं? सांगाया नको व्हय?"

ते माझ्याकडं बघत राहिले. आता, असं मी मनाशी म्हणालो. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, "पडा आता शेठ. आराम करा."

दिवाळीच्या आत शेठ गेले.

यंदा संवत्सरीला भाभी आल्या, एकट्याच. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी हात जोडले. "हे असते तर हेच आले असते. मिच्छामि दुक्कडम्, भाऊ." मी हात जोडले. नजर उंबऱ्यावरच ठेवली. त्यांना वाटलं, मला शेठची आठवण आली.

वळताना त्या ग्रिलपाशी थांबल्या. "त्या दिवशी यांनी पानांत गुंडाळून कणीस आणलं होतं बघा, मोटार बसवली त्या दिवशी. अजून चव आहे तोंडात. एकदा भाजा की माझ्यासाठी. यांच्या चाळणीनं गोळ्या चाळून."

मी मान हलवली.

चाळणी भिंतीला आहे. मोटार अजून चालते. शेठचं देणं आता फिटायचं नाही. भाभींना मी एक कणीस देणं लागतो, आणि ते हातात द्यायच्या आधी त्याची खोट.