टेबलावरचा हात

आमच्या अण्णांच्या सुतारखान्यात रंधा मशीन आहे. तिचं बिडाचं टेबल अण्णा दर शनिवारी रॉकेलने पुसतात आणि वर मेण घासून लख्ख ठेवतात. कुणी उघडा हात टेकला की खेकसतात, "हात काढ आधी! घामाने गंज धरतो." गिऱ्हाइकालाही सोडत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी तासाभरासाठी घरी गेलो होतो. निघताना त्याच टेबलावर तळवा टेकून म्हणालो, "गणपतीत येतो अण्णा, चांगला आठवडाभर राहतो." तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत.

गणपती गेले, दिवाळीही गेली. परवा गेलो, तर टेबल नेहमीसारखं चकाकत होतं. फक्त कडेला गंजाचा तांबूस डाग होता, पाच बोटांचा. मी त्यावर हात ठेवून पाहिला. बरोब्बर बसला. आपण टेकतो, बोलतो, निघून जातो. मागे काय धरलंय ते आपल्या गावीही नसतं.

ओशाळून मी पॉलिश पेपर उचलला.

"असू दे रे," अण्णा म्हणाले, "तेवढं सोडून पुसायची सवय झालीय आता."