शेजार लावणारे मामा

शिरूरच्या मार्केट यार्डासमोर बोर्ड करून देणाऱ्या मामांइतका एकट्या वस्तूवर राग धरणारा माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. मामा मूळचे खुटबावचे. आधी ब्रशने बोर्ड रंगवायचे, आता फ्लेक्स छापतात. आख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं म्हणणं एकच. "येकटी वस्तू दिसतच न्हाई. तिच्या बाजूला दुसरी ठिवा, मंग बगा." या तत्त्वापायी ते एकाच मनगटावर दोन घड्याळं बांधतात, एक चालू आणि एक बंद. "बंद बगितलं की चालूचं कवतिक वाटतं," असं वर सांगतात. जिलेबीच्या ताटलीत त्यांना हिरवी मिरची लागते. एकदा दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड त्यांनी मिठाईच्या दुकानाला खेटून लावला. डॉक्टर तावातावाने भांडायला आले. मामा म्हणाले, "डाक्टर, जिलेबी बगितल्यावरच मानसाला दात आठवत्यात." डॉक्टर पुटपुटत निघून गेले आणि जाताना अर्धा किलो पेढे घेऊन गेले.

मी हौसेने कथा लिहितो, हे दुर्दैवाने त्यांना ठाऊक आहे. मयतीच्या घरावरची माझी एक कथा मी त्यांना वाचून दाखवली. वाचताना माझाच आवाज कापत होता. मामा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, गलबलले. डोळे उघडून म्हणाले, "समदेच रडत्यात की ओ! शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होऊ द्या. मंग रडं ऐकू यील." मी आठवडाभर फुगून बसलो. नंतर गुपचूप शिट्टी घातली. कथेत तेवढीच शिट्टी बरी झाली आहे.

पण गेल्या वर्षी या माणसाने जे केलं, त्याला मी आधी आगाऊपणाच म्हटलं. माझं आणि थोरल्या भावाचं, दादाचं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. आईचं पहिलं वर्षश्राद्ध आलं. आमच्या केंदूरच्या फाट्यावर फोटो लावायचा, खाली शोकाकुल म्हणून नावं टाकायची, ही गावची रीत. मी मामांकडे फ्लेक्स सांगितला आणि दादाचं नाव गाळलं. दादानेही त्यांच्याकडेच सांगितला आणि माझं गाळलं. मामा दोघांनाही नुसतं "व्हय" म्हणाले आणि दोन्ही फ्लेक्स एकाच चौकटीत कडेला कड लावून ठोकले.

मी पोचलो तेव्हा मामा शिडी धरून उभे होते. दादा विळा घेऊनच आला होता.

"मामा, ह्याला म्हनावं, तुजा बोर्ड काढ," दादा म्हणाला.

"मामा, दादाला सांगा, आधी तुझा काढ म्हणून."

"मी शिडी धरलीय," मामा म्हणाले. "काय सांगायचं ते येकमेकाला सांगा."

नाइलाजाने दोघांनी वर पाहिलं. माझ्या फोटोत आई डोक्यावर पदर घट्ट ओढून, ओठ आवळून बसलेली. माझ्या आठवणीतली आई अशीच होती, करारी, कधी न हसणारी. दादाच्या फोटोत ती झेंडूच्या रानात उभी, ओटीत फुलं, पदर खांद्यावर घसरलेला आणि तोंडभर हसू. ही बाई मी कधी पाहिलीच नव्हती.

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "येवढी गप कवाची हाय ही?"

"मी नोकरीला शिरूरला निघालो, त्या आठवड्यातली. आन् तुझ्यातली?"

"तू पयल्या दिवाळीला घरी येनार व्हतास, त्या सकाळची."

मामा शिडी सोडून चहाच्या टपरीकडे कधी गेले, मला कळलंच नाही. दादाने विळा गाडीच्या डिकीत टाकला. मला आईची फार आठवण आली, आणि दादाचीही, तो शेजारी उभा असताना.