दोन ठोके

आमचे हवालदार कानांनी ऐकत नसत, तळहातानं ऐकत. एसटीत चढण्याआधी गाडीच्या पत्र्यावर हात टेकवून उभे राहत आणि ड्रायव्हरला सांगत, "मागलां चाक बग रं, कायतरी घासतांय त्याला." ड्रायव्हर वैतागायचा, कंडक्टर घंटी मारून मोकळा व्हायचा; पण त्यांनी हात लावलेली गाडी पुढे चढावर बसलेली मी दोनदा तरी पाहिली आहे. तोफखान्यात उभी नोकरी गेली आणि तिथेच दोन्ही कान गेले. आपण बोललो की ते ओठांकडे बघत. बोलणं नावडतं असलं की खुशाल खाडीकडे बघत. बहिरेपणाचा एवढा पुरेपूर उपयोग करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रत्नागिरीजवळ खाडीच्या काठाला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे लाकडी होड्या बांधल्या जायच्या. धंदा मूळचा त्यांच्या सासऱ्यांचा. फायबरच्या होड्या आल्यावर गिऱ्हाईक आटलं, सासरेही गेले, आता शेडला कुलूप लागणार असं सगळे धरून चालले होते. हवालदारांनी कुलूप लावलं नाही, उलट माणसं गोळा केली, आणि तीही कशी? मंडणगडकडचा, फौजेतून निवृत्त झालेला एक नाईक, जो सहा-सहा महिने घराबाहेर पडत नसे. राजापूरचा एक रुग्णवाहिका चालवणारा, ज्याला महामार्गावरचे अपघात उचलून उचलून स्टिअरिंगला हात लावणं नको झालं होतं. आणि तिसरा मी. गावात आम्हाला 'येड्यांची पलटण' म्हणत. हवालदारांना ते ऐकू जात नव्हतं, पण लोकांचे ओठ वाचता येत होते. तरी ते सगळ्यांना रामराम घालत.

मी लोट्याला एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात होतो. दिनेश माझा जोडीदार. आग लागली की आम्ही दोघं एका पाइपावर, तो पुढे आणि मी मागे. एका दुपारी गोदामात तो चार पावलं पुढे गेला आणि आमच्या मधलं छत खाली आलं. मधलं लोखंडी दार वाकून अडकलं. पलीकडून दिनेश दारावर ठोकत होता. मी कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात साहेबांनी मागे फिरायचा हुकूम दिला, कारण आत रसायनांची पिंपं फुटायला लागली होती. मी फिरलो. ठोके अजून ऐकू येत होते, आणि मी फिरलो. चौकशीत लिहून आलं की मी नियमाप्रमाणे वागलो, थांबलो असतो तरी फरक पडला नसता.

त्यानंतर घरात बायको नारळ फोडायला लागली तरी मी अंगणात पळायचो. नोकरी सुटली. दिनेशच्या घरी मी एकदाही गेलो नाही. शेवटी बायकोनंच कुठून तरी ऐकून मला हवालदारांपुढे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "काका, ह्यांना कसल्याही कामाला लावा. नायतर हे माज्या हातचे जातील." हवालदार तिच्या ओठांकडे नीट बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. एक डबा फक्त पुढे सरकवला.

डब्यात जुन्या मोडक्या होड्यांतून उपसलेले गंजके खिळे होते. पहिला महिना नव्या माणसानं फक्त खिळे सरळ करायचे, हा तिथला रिवाज. "वाकडा म्हनून फेकायचा नाय. आदी तापव, मग हलक्या हातानं मार. घाई करशील तर मोडंल." मला या प्रकाराचा मनस्वी राग आला. जळत्या इमारतीतून माणसं काढलेला मी, आणि इथे भंगार ठोकत बसलोय! एकदा तिरीमिरीत मी दिनेशची हकीकत सांगायला सुरुवात केली, तर हवालदारांनी सरळ मान खाडीकडे वळवली. "हात चालव," एवढंच म्हणाले. त्या दिवशी हा म्हातारा मला दगड वाटला.

होडीला फळी ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेरचा खिळा मारतो आणि आतला लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, म्हणजे खिळ्याचं टोक वळून लाकडात बसतं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. खिळा बसला की आतल्यानं ठोकळा फळीवर दोनदा आपटायचा. त्याचा अर्थ, बसला, पुढचा मार. नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचं काम सगळ्यात शेवटी. वरून फळ्या बसलेल्या असतात, आतला माणूस मागच्या झडपेतून रांगत शिरतो आणि अंग मुडपून बसतो. तीन महिन्यांनी हवालदार स्वतः आत शिरले आणि हातोडा माझ्या हाती दिला.

पहिला खिळा मी मारला. आतून दोन ठोके आले.

पुढचं मला तुटक आठवतं. भिंतीला टेकलेली कुऱ्हाड माझ्या हातात होती आणि मी फळी फोडत होतो. सागाची अखंड फळी, तीन आठवडे खपून, वाफवून-वाकवून बसवलेली. मी ओरडत होतो म्हणे, "आलो रे, आलो!" नाईकानं मला मागून कव घातली तेव्हा भोक माणूस निघेल एवढं झालं होतं. आणि त्या भोकातून हवालदार निघाले. केसांत लाकडाचा चुरा, कपाळावर खरचटलेलं. फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "फळी गेली. मानूस वाचला. चला, च्या घेऊया."

मी त्या दिवशी चहाचा पेला धरून रडलो, दिनेश गेल्यापासून पहिल्यांदा. होडीचा मालक भांडायला आला, तर हवालदारांनी त्याला लाकडात गाठ निघाली म्हणून बेधडक थाप मारली आणि पुढचं ऐकायला लागू नये म्हणून खाडीकडे बघत बसले. नवी फळी माझ्याकडूनच बसवून घेतली. प्रत्येक खिळ्याला आतून दोन ठोके, आणि प्रत्येक वेळी माझी नजर कुऱ्हाडीकडे जाई. पावसाळा संपेस्तोवर जायची थांबली. दिवाळीत मी दिनेशच्या आईला भेटून आलो.

हवालदारांना मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नाही हा त्यांचाच कायदा. एकदा त्यांची बायको, आमच्या काकी, भाकऱ्या भाजता भाजता सहज बोलल्या. तोफेपाशी गोळा पडला, मातीखाली त्यांचे दोन जवान गाडले गेले. "ते आतून हाका मारत व्हते म्हनं. मागनं आलेल्यांनी सांगितलां. हे तिथंच बसलेले, हातभर अंतरावर. कान गेलेले, ह्यांना कळलांच नाय. अजून झोपले तरी एक हात जमिनीला असतो ह्यांचा." मी न जेवता उठलो. शेडमध्ये ते एका फळीवर तळहात ठेवून उभे होते. तोवर मला त्यात कधी काही वेगळं वाटलंच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात दुसरी होडी होती, तेच नाळेचं काम. हवालदार आत, मी बाहेर. मी खिळा मारला आणि थांबलो. ठोके आले नाहीत.

मी शहाण्यासारखा थांबलो. मनात म्हटलं, तंबाखू मळत असतील. कुऱ्हाड समोरच होती. तिच्याकडे बघून मला चक्क हसू आलं. आता पुन्हा फळी फोडली तर म्हातारा जन्मभर चिडवील. मी बरा झालो होतो ना! एक विडी संपेल इतका वेळ मी तसाच उभा राहिलो. मग फळीवर तळहात ठेवला. हाताला काही जाणवलं नाही. तेव्हा कुठे मी झडपेकडे धावलो आणि रांगत आत गेलो.

ठोकळा त्यांच्या मांडीवर होता आणि उजवा तळहात फळीला टेकलेला. मी बाहेरून जिथे हात ठेवला होता, जवळपास तिथेच. अंग अजून गरम होतं. डॉक्टर म्हणाले, काळीज एकदम बंद पडलं, तुम्ही आधी गेला असतात तरी फरक पडला नसता. हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदाही त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

शेड आता नाईक आणि मी चालवतो. चिपळूणच्या पुरात माणसं काढणारा एकजण मध्यंतरी आला आहे. त्याचे खिळे सरळ करून झाले, परवा त्याला फळीच्या कामावर घेतलं. हातोडा दिला आणि शेजारी कुऱ्हाड ठेवली.

"ही कशाला?" त्यानं विचारलं.

"आतून मी दोन ठोके देणार. नाही आले तर थांबायचं नाही. फळी फोडायची."

"एवढी चांगली फळी?"

"फळी दुसरी मिळते," मी म्हटलं, आणि ठोकळा घेऊन रांगत आत शिरलो.