बटणआबांची बैठक

बटणआबांसारखा कवडीचुंबक कोकणात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं कुणी जळलंही नाही. रत्नागिरीत वीज आली तेव्हा आमच्या आळीत पहिला दिवा त्यांनी घेतला. एकच, ओटीवर. त्याचं बटण मात्र असं जपलं, की सुनेच्या पाटल्यांवरही तेवढा पहारा नसेल.

तोवर आळीचा राजा मी होतो. माझी गॅसबत्ती पेटली, की भाट्याच्या खाडीतले मासे उजाडलं समजून वर येत आणि मिरकरवाड्यातले कोंबडे आरवत. तिच्याशिवाय आळीत लग्न लागत नसे. रोजचा पत्त्यांचा डाव माझ्याच ओटीवर पडे. आबांचा दिवा लागला आणि माझे सगळे गडी फितूर झाले. लहानपणापासूनचा माझा भिडू नानासुद्धा! नाना म्हणजे आगबोटीवरचा निवृत्त सुकाणी.

बरं, तिथे उजेड तरी मिळावा? छे! चटया काळोखात अंथरायच्या, विडे काळोखात लावायचे, पत्ते काळोखात पिसायचे. एकानं विड्याला चुन्याऐवजी राखुंडी लावली आणि आठवडाभर काळं हसत फिरला. दिवेलागणीचा नमस्कारही बटणाआधीच. "देवाला काळोखात दिसतं हो," आबा म्हणत, "मीटरला नाही दिसत." दिवा लागल्यावर कुणी हात जोडले तर ओरडत, "नमस्कार घरून करून या! वर चकती फिरतेय!"

विजेवर त्यांचा विश्वास नव्हताच. "रॉकेल संपताना दिसतं तरी. ही पाहुणी जेवली किती, ते गेल्यावर कळतं."

इकडे माझ्या ओटीवर मी आणि किडे. "नाना, ये की रे! इथे उजेडाला तोटा नाही." नाना "येतो, येतो" म्हणे आणि आमच्या मधल्या दगडी गडग्यावरून आबांकडे उतरे.

शेवटी एका तिन्हीसांजेला मीच चोरासारखा जाऊन आबांच्या कडेच्या चटईवर बसलो. काळोख असा, की स्वतःची मिशी चाचपून बघावी लागली. पत्ते पिसल्याचा तेवढा आवाज. मग नाना हळूच म्हणाला, "आबा, हल्ली मला पानं दिसत नाहीत. बदाम की चौकट, अंदाजानं टाकतो."

माझ्या बत्तीखाली हा वर्षभर हरत होता आणि मी "डोळे फुटले काय रे?" म्हणून खेकसत होतो. तिथे एक शब्द बोलला नाही!

आबा पिसतच राहिले. "मग टाकलेलं पान आजपासून सगळ्यांनी मोठ्यानं सांगायचं. तुझी पानं मी लावून देईन. मला खेळता कुठे येतं? मी आपला मीटर बघायला बसतो."

आणि बटण दाबलं. उजेडात सगळे पुन्हा नेहमीसारखे भांडू लागले. त्या संध्याकाळी मी जेवढा जळलो, तेवढं माझ्या बत्तीत रॉकेलही जळलं नसेल.

पुढे आबा वारले. मुलानं घराला कुलूप घातलं आणि आगबोटीनं मुंबई गाठली. मी ओटीवर ऐटीत चार दिवे घेतले. मंडळी परत आली. लखलखाट केला, पत्ते वाटले, पण कुणी तोंड उघडेना. नाना पानं छातीशी धरून भिंतीकडे बघत बसलेला.

मी उठलो आणि चारही बटणं बंद केली.

जरा वेळानं कुणीतरी खाकरलं. कुणाच्या मुलीच्या मोडलेल्या स्थळाचं निघालं. नाना काळोखात हसला. "हां, आता कसं आबांच्या ओटीवर बसल्यासारखं वाटतं!"

बघा म्हाताऱ्याचा कावा! गेला, तरी माझ्या ओटीवर बैठक त्याचीच. वर माझा मीटरही थांबवून बसला.